रजा म्हणजे विश्रांती नव्हे

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली यांस,



रात्रीच्या विमानांबद्दल नागपूरकराने आपल्याला लिहावं, याला जुना आधार आहे. 1949 साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आमच्याच गावात एकत्र यायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पुन्हा उडायची. देश झोपलेला असताना आमचा सोनेगावचा विमानतळ जागा असायचा. रात्रीच्या उड्डाणाचं वावडं आम्हाला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्याच विमानतळावर 17 ऑगस्ट 2023 रोजी पुण्याचं विमान घेऊन जाणारा पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात या वेळेत त्याने तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर अशा दोन फेऱ्या केल्या होत्या. मग 27 तासांची विश्रांती मिळाली होती, आणि त्या दिवशी चार फेऱ्या ठरलेल्या होत्या. मृत्यू थकव्यामुळे झाला असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. विश्रांतीचे तास नियमात बसत होते, असंच तेव्हा सांगितलं गेलं. पण तो नियम पुरेसा नाही, असं पायलटांच्या संघटना आधीपासून सांगत होत्या, आणि पाच महिन्यांत आपल्यालाही ते पटलं.

जानेवारी 2024 मधले आपले नवे नियम चांगले होते, हे मोकळेपणाने मान्य करतो. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली. 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायचं ठरलं. रात्रीच्या ड्यूटीत सहा लँडिंगपर्यंत मुभा होती, ती दोनवर आली. नियम जूनमध्ये लागू व्हायचे होते, ते पुढे ढकलले गेले. पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. म्हणजे विमान कंपन्यांना तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. लग्नाची तारीख दोन वर्षं आधी ठरावी आणि वऱ्हाड दारात आल्यावर आचारी शोधायला निघावं, तसं डिसेंबरात झालं.

नव्या नियमांप्रमाणे पायलट पुरेसे नसल्याने 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची 2,507 उड्डाणं रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. नागपुरात 8 तारखेपासून हिवाळी अधिवेशन होतं. मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, सगळ्यांना त्याच आठवड्यात इथे यायचं होतं. त्यांची सोय कुठूनतरी होते. मुंबईत ऑपरेशन ठरलेल्याची किंवा पुण्यात परीक्षा असलेल्या पोराची मात्र होत नाही. त्याला दुरांतोची वेटिंग लिस्ट असते, नाहीतर समृद्धी महामार्गावरून रात्रभराचा प्रवास. सरकारने भाड्याला कमाल मर्यादा घातली, 500 ते 1,000 किलोमीटरसाठी 12 हजार. नागपूर-मुंबई आणि नागपूर-पुणे दोन्ही त्यातच येतात. त्या भावात रेल्वेने सहकुटुंब जाऊन येता येतं, पण ते असो.

आता मूळ मुद्दा. 5 डिसेंबरला आपण दोन गोष्टी केल्या. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, ही सूचना मागे घेतली, आणि इंडिगोला रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. पायलट संघटनांनी विरोध केला. मुलीच्या लग्नासाठी पायलटने दोन दिवस रजा घेतली, तर त्या आठवड्याची त्याची झोप झाली असं धरायचं का? घरात लग्न काढलेल्या कुणालाही विचारा.

पुढे जानेवारीत आपण इंडिगोला 22 कोटी 20 लाखांचा दंड केला. त्यातले 20 कोटी 40 लाख कशाचे? नवे नियम न पाळल्याबद्दल रोज 30 लाख, 5 डिसेंबर ते 10 फेब्रुवारी, 68 दिवस. म्हणजे ज्या काळासाठी आपणच सूट दिली, नेमका त्याच काळाचा दंड! अशी सूट रोज 30 लाखांना पडत असेल, तर मोठी कंपनी ती खर्चात धरून मोकळी होईल. झोप मोडते पायलटची, आणि जोखीम मागे बसलेल्या आमच्या सगळ्यांची.

आपल्याच चौकशीत दोष नोंदला गेला आहे: रोस्टर असं बसवलं होतं की प्रत्येकाची ड्यूटी शेवटच्या मिनिटापर्यंत वापरली जावी, सावरायला जागाच उरू नये. पायलटांना प्रवासी म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी हलवून तिथून विमान उडवायला लावण्यावरही भर वाढला होता. हे खरंच आहे. पण हिवाळी वेळापत्रकात इंडिगोला आठवड्याला 15,014 उड्डाणांची मंजुरी दिली कुणी? ती फाइल आपल्याच कार्यालयातून गेली. आम्ही तिकीट महिनोन् महिने आधी काढतो, पूर्ण पैसे भरून. ते विमान उडवायला माणूस आहे की नाही, हे कंपनीने नंतर बघायचं, आणि नसला तर आपण नियम सैल करायचा, हा क्रम उलटा आहे.

तेव्हा विनंती साधी आहे. पुढचं वेळापत्रक मंजूर करण्याआधी विमानांबरोबर पायलटही मोजा, नव्या नियमांप्रमाणे मोजा, आणि तो हिशेब तिकीटविक्री सुरू होण्याआधी जाहीर करा. रजेबद्दलची ती सूचना पुन्हा लागू करा. कंपन्यांनी आपल्याला दर तिमाहीला द्यायचा थकव्याचा अहवाल आम्हालाही वाचू द्या. आणि यापुढे कुणालाही सूट द्यायची वेळ आलीच, तर सही करण्याआधी पायलट संघटनांना समोर बसवून त्यांचं ऐका.

आपला,
एक नागपूरकर प्रवासी