चालकाच्या आनंदाचीही दखल घ्यावी

कुटुंबासाठी मोठी मोटार घेताना आसने किती, छत उघडते की नाही आणि समोरचा पडदा किती इंची, यांची तपशीलवार झडती घेणारे आपण, जो गृहस्थ ती वर्षानुवर्षे चालविणार त्याच्या आनंदाची मात्र दखलही घेत नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

अलिबागहून नागावमार्गे चौलला येणारा रस्ता या बाबतीत कठोर परीक्षक आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गडगे अंगावर येतात, वळणापलीकडचे दिसत नाही, आणि समोरून रेवदंड्याची एसटी आली की डावीकडची चाके साइडपट्टीवर उतरवून थांबावे लागते. येथे स्कॉर्पिओ-एन आपल्या शिडीवजा सांगाड्याच्या बळावर खड्ड्यांना दाद देत नाही, पण वळणावर तिचे अंग अधिक झुकते. १,९२२ मिलिमीटर रुंदीची सध्याची सफारी महामार्गावर भारदस्त, परंतु आळीतून जपून न्यावी लागते. २०२१ साली आलेली, १,८९० मिलिमीटर रुंदीची एक्सयूव्ही ७०० मात्र सुकाणूच्या इशाऱ्यासरशी वळते, म्हणून माझा कौल तिला.

चालकाचा आनंद म्हणजे वेग, अशा समजुतीने कोणी हा युक्तिवाद फेटाळू नये. जी गाडी वळणावर कमी डोलते, तिच्यात मागे बसलेल्या आजींना मळमळही कमी होते. तेव्हा विक्रेत्याने सपाट रस्त्यावर घडविलेल्या फेरीवर विसंबून दस्तऐवजावर सही करण्यापूर्वी, सारे बिऱ्हाड बसवून वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी स्वतः चालवून पाहावी, आणि घरातील मते घेताना चालकाचे मत अखेरीस नव्हे, आरंभी विचारावे.