नाव पॅरिसचे, यंत्र स्वित्झर्लंडचे

उंची वस्त्रे आणि अत्तरे विकणाऱ्या एखाद्या घराण्याने घड्याळाच्या तबकडीवर आपले नाव घातले, की जाणकार घड्याळप्रेमी नाक मुरडतात. त्यांच्या लेखी ते घड्याळ नसून वेळ दाखवणारा दागिना असतो. पॅरिसच्या ‘शनेल’विषयीही हेच मत दीर्घकाळ रूढ होते. त्याच शनेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘एमबी अँड एफ’ या स्वित्झर्लंडमधील लहान, पण घड्याळजगतात मोठी प्रतिष्ठा असलेल्या कंपनीत २५ टक्के हिस्सा घेतला. हा व्यवहार एकाएकी झालेला नव्हता. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या वाटचालीचा तो एक टप्पा होता, आणि म्हणूनच ती वाटचाल समजून घेण्याजोगी आहे.

शनेलने पहिले घड्याळ आणले ते १९८७ मध्ये. त्याचे नावही ‘प्रीमिएर’, म्हणजे ‘पहिली’. घराण्याचे कलासंचालक झाक एल्यू यांनी त्याची अष्टकोनी आकृती पॅरिसच्या प्लास वाँदोम या चौकावरून आणि ‘नं. ५’ अत्तराच्या कुपीच्या बुचावरून बेतली. पट्टा होता तो शनेलच्या हातपिशवीच्या साखळीसारखा, धातूच्या कड्यांतून चामडे ओवलेला. तबकडीवर आकडे नाहीत, सेकंदकाटा नाही. आत साधे क्वार्ट्झ यंत्र. आधी रूप, मग यंत्र, हा क्रम येथे उघड होता आणि शनेलने तो कधी लपवलाही नाही.

मात्र सहाच वर्षांनी, १९९३ मध्ये, शनेलने ला शो-द-फाँ या घड्याळनगरीतील ‘जी. अँड एफ. शातलँ’ हा कारखाना विकत घेतला. रूपाची कल्पना पॅरिसमध्ये जन्मली तरी ती घडवणारे हात आपलेच असावेत, हा विचार यामागे होता. त्याचे फळ २००० मध्ये ‘जे १२’ या घड्याळाच्या रूपाने दिसले. काळ्या, चकचकीत सिरॅमिकचे हे घड्याळ एल्यू यांना शर्यतीच्या शिडाच्या नौकांवरून सुचले होते. सिरॅमिकचा वापर शनेलने प्रथम केला असे नाही. ‘राडो’ने तो १९८०च्या दशकातच केला होता. पण झिर्कोनियम ऑक्साइडच्या भुकटीला साच्यात आकार द्यायचा, ती हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजायची, भाजताना ती आकसणार हे गृहीत धरून मापे ठरवायची आणि शेवटी हिऱ्याच्या भुकटीने झिलई आणायची, ही किचकट प्रक्रिया शनेलने रोजच्या वापरातील डौलदार वस्तूसाठी राबवली. २००३ मध्ये पांढरे ‘जे १२’ आले, तर पंचविसाव्या वर्षी, २०२५ मध्ये, निळे.

यंत्राचा प्रश्न मात्र उरलाच होता. स्वित्झर्लंडमधील कित्येक कंपन्या ‘स्वॉच’ समूहातील ‘ईटीए’च्या यंत्रांवर अवलंबून होत्या, स्वयंचलित ‘जे १२’मध्येही तेच यंत्र असे. स्वॉचने २००२ मध्ये हा पुरवठा आखडता घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ज्याच्याकडे स्वतःचे यंत्र नाही त्याचे भवितव्य दुसऱ्याच्या हाती, हे सर्वांनाच कळून चुकले. शनेलने २०११ मध्ये रोमँ गोतिए या घड्याळकाराच्या कंपनीत आणि २०१८ मध्ये ‘एफ. पी. जूर्न’मध्ये हिस्सा घेतला. यंत्रे बनवणाऱ्या ‘केनिसी’तही भागीदारी केली. स्वतःचे पहिले यंत्र शनेलने २०१६ मध्ये सादर केले. २०१९ मध्ये ‘जे १२’ला केनिसीचे, हातातून उतरवून ठेवल्यावरही सुमारे ७० तास चालणारे यंत्र मिळाले. आंतरंग बदलले, बाह्यरूपाला जेमतेम हात लागला.

या व्यवहारांचे वैशिष्ट्य असे, की गोतिए, जूर्न आणि ‘एमबी अँड एफ’ या तिन्ही ठिकाणी शनेल अल्पांश भागीदार आहे. ‘एमबी अँड एफ’चे ६० टक्के भागभांडवल आजही संस्थापकाकडेच आहे. ‘लुई व्हिताँ’ने २०११ मध्ये ‘ला फाब्रिक द्यू ताँ’ ही कार्यशाळा संपूर्ण विकत घेतली. शनेलने येथे सुचण्याचे आणि नाकारण्याचे स्वातंत्र्य कारागिराकडेच ठेवले. शेअर बाजारात नसलेल्या, वेर्तहायमर कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीला असा धीर परवडतो, हेही खरे.

अर्थात यात भाबडेपणाने पाहण्यासारखे काही नाही. केनिसीची यंत्रे ‘ट्यूडर’सारख्या तुलनेने स्वस्त घड्याळांतही असतात, म्हणजे ग्राहक जादा पैसे मोजतो ते रूपाचे आणि नावाचे. शिवाय आजचा अल्पांश भागीदार उद्याचा मालक होणार नाही, याची हमी कोणी देत नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. नावाची पत कारागिरीवर उभी असते हे शनेलने ओळखले आणि त्या कारागिरीचे मोल भागीदारीच्या रूपाने, तिच्या कर्त्याच्या नावासह चुकते केले.

भारताच्या दृष्टीने हा मुद्दा दूरचा नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या भारत-‘एफ्टा’ करारानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने हटणार आहे. तिकडची कारागिरी येथे सन्मानाने आणि वाढत्या सवलतीने येईल. इकडची कारागिरी तिकडे कशी पोहोचते, हे त्याच वर्षी जूनमध्ये दिसले. मिलानच्या मंचावर ‘प्राडा’ने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मांडल्या, त्या मूळ कारागिरांचा नामोल्लेखही न करता. महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्ह्यांना या चपलांचे भौगोलिक मानांकन आहे. टीकेनंतर प्राडाने ऋण मान्य केले आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला.

हा करार स्वागतार्ह असला, तरी तो ओरड झाल्यावर झाला. जिनिव्हातील घड्याळकाराला हिस्सा देऊ केला जातो आणि अथणीच्या चर्मकाराला ऑर्डर, यातील अंतर केवळ कौशल्याचे नाही. स्विस कारागिरामागे त्याचे नाव, त्याची कंपनी आणि संघटित उद्योग उभा आहे. तसे बळ येथे उभे राहिले, तरच पुढच्या करारात कारागिराला मजुरीपलीकडे काही मागता येईल.