गाईड वाचून शहर कळत नाही

मंडळी, आजचा विषय वाचून काहीजण हसणार हे गृहीत धरूनच लिहायला बसलोय. धाकट्या बहिणीने तर फोनवरच सुनावलं, "दादा, या वयात गाड्यांचे गेम कसले खेळतोस? पोथी वाच!" पोथीही वाचतो हो. पण पेन्शनर माणसाची दुपार मोठी असते, आणि नातवाबरोबर बसायचं तर त्याच्या अंगणात जावं लागतं.

तर मुद्दा असा. रस्त्यावरच्या शर्यतीचा आदर्श गेम कसा असावा असं विचारलं की सगळे एकच सांगतात. मॅप मोठा हवा, गाड्या शेकड्यांनी हव्यात, पाऊस खराखुरा दिसायला हवा. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. मॅप छोटा चालेल, पण तो पाठ करावा लागला पाहिजे. शहर माहीत नसताना जिंकता येत असेल, तर ती रस्त्यावरची शर्यत कसली?

२००४ साली आमच्या धाकट्या चिरंजीवांनी 'नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड २' घरी आणला. त्यात बेव्ह्यू नावाचं काल्पनिक शहर. बरीचशी दुकानं सापडेपर्यंत नकाशावर दिसतच नसत, हिंडून शोधावी लागत. आणि त्यातली ती 'आउटरन'! ठरलेला मार्गच नाही. पुढे असेल त्याने वाट निवडायची, मागच्याने पाठलाग करायचा, सुमारे ३०० मीटरची आघाडी मिळाली की जिंकलं. तिथे इंजिनाइतकीच ओळखीची गल्ली कामाला येते. २००८ च्या 'बर्नआउट पॅरेडाइज'मध्येही शर्यत कुठे संपणार एवढंच सांगतात, मधली वाट तुमची तुम्ही ठरवायची.

आता 'फोर्झा होरायझन' घ्या. देखणा आहे, मीही तासन्‌तास खेळलोय. पण रस्त्यावर रंगीत रेघ आखलेली! कुठे वळा, कुठे ब्रेक मारा, सगळं तीच सांगणार. आपटलात तर 'रिवाइंड' दाबा, काही घडलंच नाही. नातू म्हणतो, "आजोबा, रेघ बंद करता येते ना!" अरे, गाईडही मिटून ठेवता येतं. पण ज्या वर्गात प्रत्येकाच्या दप्तरात गाईड असतं, तिथे मूळ धडा वाचणारी मुलं किती निघतात ते मला विचार. ३४ वर्षं मराठी शिकवलंय मी. जो गेम रेघ गृहीत धरूनच बांधलाय, त्यात रेघ पुसली तर खाली ओळखीच्या खुणा कुठे असतात?

दुसरी तक्रार माणसांची. यातल्या कित्येक शहरांत रस्त्यावर माणूसच नाही. 'बर्नआउट पॅरेडाइज'मध्ये तर मोटारीत ड्रायव्हरसुद्धा दिसत नाही! 'मिडनाइट क्लब'वाल्यांनी निदान फुटपाथवर पादचारी ठेवले. माझ्या गेममध्ये शाळा सुटायची वेळ असेल, बाजाराचा दिवस असेल. माणूस आडवा आला की वेग कमी करावाच लागेल, आणि कुणाला धक्का लागला तर शर्यत तिथेच संपेल. रिवाइंड नाही. असले गेम मुलांना बेफाम करतात असं नातेवाईक म्हणतात. मला वाटतं दोष वेगाचा नाही. चूक पुसून मिळते, ही सवय जास्त वाईट.

तिसरी गोष्ट, शिकलेलं शहर हिरावून घेऊ नका. २०१४ च्या 'द क्रू'मध्ये अख्खी अमेरिका आटोपशीर करून मांडली होती. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना घरी एकट्यानेही खेळता येईना. लोकांनी रस्ते पाठ केले होते हो! पुस्तक आउट ऑफ प्रिंट झालं म्हणून कुणी आमच्या कपाटातली प्रत काढून नेत नाही.

हे सगळं एवढ्या तावातावाने लिहायला कारण घडलं. नातवाला यंदा १८ पूर्ण झाली, लायसन्स मिळालं. मोठ्या कौतुकाने मला शेजारी बसवून निघाला. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत जायचं, साताऱ्यात जन्मलेला मुलगा, आणि मोबाईलवर नकाशा लावलेला! नजर सारखी त्या निळ्या रेघेवर. समोरून भाजीची हातगाडी आली ती आधी मला दिसली. मी ओरडलो, त्याने ब्रेक मारला, हातगाडीवाला चार शब्द बोलून गेला. तेवढ्यावर भागलं. पण घरी आल्यावर माझे हात थरथरत होते, आणि त्याचेही.

रात्री मी त्याला माझा हा आदर्श गेम सांगितला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आजोबा, तुमचा गेम कुणी विकत घेणार नाही."

असेलही. पण गाडीची किल्ली माझ्या कपाटात आहे. नकाशा न लावता राजवाडा गाठून दाखव म्हटलंय, मग देतो. सध्या साहेब रोज संध्याकाळी सायकलवरून गल्ल्या पाठ करतायत.

बघा, पटतंय का.