काजवे बघायला दिवे लावून बसलेली माणसं

मराठीत केबिन म्हणजे साहेबाची काचेची खोली. ‘जरा केबिनमध्ये ये’ म्हटलं की पोटात गोळा येतो. गेल्या काही वर्षांत मात्र हाच शब्द आपल्याला शांततेचा वाटायला लागलाय. तिकोनी छपराची लाकडी खोली, मोठी काच, बाहेर डेक, डेकवर दोन खुर्च्या आणि समोर सह्याद्री. इन्स्टावर सेव्ह केलेली अशी एक तरी रील तुमच्याकडेही असणार. माझ्याकडे अकरा होत्या.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघं हिंजवडीहून निघालो आणि मुळशी धरण ओलांडून ताम्हिणीच्या बाजूला असल्याच एका केबिनमध्ये जाऊन राहिलो. रिलीज नुकतंच झालं होतं. दोन आठवडे रात्री-अपरात्री कॉल होते. दोन रात्रींचे २८ हजार भरले. बुकिंग करण्याआधी मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘वायफाय कसं आहे?’

तिथला सगळा कारभार पाहणारे एक मामा होते, पन्नाशीचे. वयानं वडिलांएवढे, पण आम्हाला ‘सर’ म्हणायचे. रविवारी सकाळी सात वाजता टँकर आला आणि पूलमध्ये पाणी सोडायला लागला. वाडीतल्या दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन त्याच टँकरच्या बाजूनं खाली उतरत होत्या. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘फ्रेममध्ये टँकर येतोय यार.’ मी हसलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं वाचताना मी काठावर बसून दगड मारतोय असं वाटू नये.

मामांना विचारलं, ही जागा आधी कोणाची होती? ‘आमचीच,’ ते म्हणाले. ‘खालची भातखाचरं धरणात गेली, आज्याच्या टायमाला. वरचा माळ वडलांनी विकला. आता मी राखतो.’

या खोऱ्यात जाणाऱ्यानं एवढं तरी माहीत करून घ्यावं. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी इथं धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. लढा हरला, आंबेमोहराची जमीन बुडाली. ते पाणी आजही डोंगराखाली कोकणात भिऱ्याला सोडून वीज केली जाते. आपण डेकवर बसून ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो, त्याच्या तळाशी गावं आहेत. आणि तिथल्या माणसांना पाणी आणायला मे महिन्यात उतरण उतरावी लागते.

केबिनवाल्या मंडळींचं दैवत थोरो. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, तेव्हापासून आपल्याकडेही त्याचं नाव भक्तिभावानं घेतलं जातं. १८४५ मध्ये त्यानं तळ्याकाठी खोली बांधली, ती एमर्सनच्या जमिनीवर. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. पण त्या खोलीच्या फळ्या कुठून आल्या? रेल्वेवर राबणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी थोरोनं सव्वाचार डॉलरना विकत घेतली. अट अशी, की कुटुंबानं दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती रिकामी करायची. सहा वाजता रस्त्यात ते लोक त्याला भेटले, एका बोचक्यात सगळा संसार. म्हणजे या स्वप्नाच्या मूळ कथेतही कोणाला तरी पहाटे घर सोडावं लागलंच. थोरोनं निदान ते लिहून ठेवलं, आकड्यांसकट. आपल्या रीलमध्ये टँकर येत नाही.

‘पण लोकांना रोजगार मिळतो ना!’ हो, मिळतो. मामांचा महिन्याचा पगार आमच्या दोन रात्रींच्या निम्म्यापेक्षा कमी आहे. स्वतःच्या वडलांच्या जमिनीवर पाहुण्यांचे टॉवेल वाळत घालणं याला रोजगार म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग ते वाक्य मामांकडे बघून म्हणा.

काजव्यांचं तर विचारूच नका. आम्ही गेलो होतो त्यांच्यासाठीच. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत काजव्यांचा हंगाम असतो. नर काजवा लुकलुकतो तो मादीला सापडावा म्हणून. प्रौढ काजव्याच्या हातात त्यासाठी जेमतेम काही आठवडे असतात. त्याआधीचा बराच मोठा काळ तो अळी होऊन ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढतो. ती माती सपाट करून, वर लॉन लावून आपण डेक बांधतो. मग डेकभोवती बल्बांच्या माळा सोडतो. एवढ्या उजेडात काजव्याची खूण मादीला दिसत नाही. साधा सिग्नल आणि नॉइजचा प्रश्न आहे, इंजिनिअरिंगच्या पोरांना समजावायला नको.

रात्री साडेनऊ झाले तरी एक काजवा दिसेना. मामा म्हणाले, ‘लाइट बंद केले तर दिसतील सर. पण मालकांनी चालूच ठेवायला सांगितलंय. गेस्ट घाबरतात.’ मी बंद करा म्हटलं. पाच-सात मिनिटं डोळे सरावायला गेली. मग ओढ्याकडच्या जांभळीवर एक ठिपका पेटला, मग दहा, मग अख्खं झाड. आम्ही चौघंही गप्प. बरोब्बर तेव्हा माझा फोन वाजला. प्रॉडक्शन पडलं होतं. लॅपटॉप गाडीत होताच. मी आत गेलो, दिवा लावला.

म्हणून म्हणतो, मला जंगल हवं होतं हे खोटं आहे. मला फोन वाजणार नाही अशी जागा हवी होती. ती मॅनेजरकडे मागायची माझी हिंमत नाही. ‘शनिवार-रविवार मी उपलब्ध नाही’ हे एक वाक्य लिहिता येत नाही म्हणून आपण २८ हजार भरतो, डोंगर सपाट करायला लावतो आणि वर त्याला डिटॉक्स म्हणतो. कंपनीनं द्यायची विश्रांती आपण मामांच्या वाडीकडून वसूल करतोय.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही जाईन. पण वाडीतल्याच कोणाच्या तरी घरी राहा, पिठलं-भाकरी खा, पैसे त्यांच्या हातात द्या. उकडतं, डास चावतात, संडास बाहेर असतो. असू दे. मे महिन्यात पूल असलेली जागा बुक करू नका. आणि ऑफिसातल्या चौघांनी मिळून तो मेल लिहा. एकट्यानं लिहिलात तर अप्रेझलला आठवण ठेवली जाते.

निघताना मामांनी हळूच सांगितलं, ‘सर, ॲपवर जरा चांगलं लिहा. मालक बघतात.’ मी पाच तारे दिले. चार दिले असते तर बोलणी मामांनी खाल्ली असती. खाली लिहिलं: रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवावेत, काजवे सुंदर दिसतात.

मालकाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आभार, पुन्हा नक्की या, पुढच्या सीझनला जांभळीवर काजव्यांसारख्या लुकलुकणाऱ्या फेअरी लाइट्स लावतोय.