घरातल्या कॉम्प्युटरची किल्ली कुणाकडे?

कॉम्प्युटरवर विंडोज ठेवायचं की लिनक्स, हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. घरोघरी हा प्रश्न मुलगा सोडवतो, नाहीतर नवरा, नाहीतर नाक्यावरचा दुरुस्तीवाला. नेमका म्हणूनच तो आपला प्रश्न आहे. मिक्सर कुठला घ्यायचा हे बाईला विचारतात. पण ज्या यंत्रात तिचे हिशेब, मुलांचे दाखले आणि बँकेचे कागद असतात, ते कशावर चालावं हे तिला कुणी विचारत नाही.

प्रश्न आत्ता ऐरणीवर आला त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्याने सापडणारी भगदाडं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत हे खरं, पण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगलं चालणारं यंत्र केवळ नियमापायी बाद ठरतं.

ठाणे-कल्याण पट्ट्यात याची झळ कुणाला बसते? मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. सर्वसाधारण स्त्री-प्रवाशांना मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबर २०२० पासून, तीही ठरावीक वेळांतच. त्या दिवसांत डोंबिवली-कल्याणच्या दोन खोल्यांच्या घरांतून शाळा, ऑफिस आणि क्लास एकाच टेबलावर भरत होते. तेव्हा घाईघाईने ऑफिसांनी काढून टाकलेले, कुणाचे तरी वापरलेले लॅपटॉप घेतले गेले. शाळा सुरू झाल्यावर मुलांनी सोडलेली ती यंत्रं माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत बायकांच्या हाती आली. शिकवण्यांची फी, पोळीभाजी केंद्राची बिलं, बचतगटाची खातेवही त्यांच्यावर चालते. आणि आता दुकानदार म्हणतो, "ताई, हा टाकून द्या, नवीन घ्या." नवीन यंत्र घ्यायचं तर घरखर्चात पहिली कात्री कुणाच्या गरजेला लागते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट आहे, आणि ती फुकटची नव्हे तर हक्काची आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. ही प्रणाली कुणीही वापरावी, तपासावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, अशी तिच्या परवान्यातच तरतूद आहे. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. घरच्या वापरासाठी मिंट किंवा उबुंटू पुष्कळ झालं. त्यातही मिंट ४ जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर ठीक चालतं. पेन ड्राइव्हवरून ते आधी चालवून बघता येतं, आतल्या मजकुराला हातही लागत नाही. आवडलं तर पुढे जायचं, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. कायमचं बसवताना मात्र जुना मजकूर पुसला जाऊ शकतो, म्हणून त्याची प्रत आधी बाजूला काढून ठेवायलाच हवी.

दुकानदार 'क्रॅक' करून देतो ते विंडोज मात्र नको. आपले बँकेचे व्यवहार ज्यावर होतात, त्यात कुणा अनोळखी माणसाने काय घालून ठेवलंय हे आपल्याला कधीच कळत नाही.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. काही प्रिंटर हट्टीपणा करतात. डिजिटल सहीचं उपकरण जोडायला खटपट पडू शकते. तेव्हा जी बाई हिशेबनिशीवर पोट भरते, तिने विंडोज ११ चं यंत्र घ्यावं. तिथे तत्त्वासाठी रोजगार पणाला लावायचं कारण नाही. पण पत्रं लिहिणं, हिशेब मांडणं, ईमेल, सरकारी संकेतस्थळांवर अर्ज, मुलांचा अभ्यास एवढं काम असेल, तर लिबरऑफिस आणि फायरफॉक्सवर ते भागतं. दोन्हीही मराठी पाट्यांसह मिळतात. टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कळफलक तर विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच आहे. युनिकोडमधलं मराठी दोन्हीकडे वाचता येतं. जुन्या खासगी फॉन्टमधली पत्रकं मात्र आधी युनिकोडमध्ये करून घ्यायला हवीत. ते काम आपल्या संस्थांनी कधीतरी करायलाच हवं आहे.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा याहून पुढचा आहे. कुठलीही प्रणाली घेतली तरी तिच्यात एक 'ॲडमिनिस्ट्रेटर' असतो, म्हणजे घरातला कर्ता. त्याला सगळ्यांच्या फायली बघता येतात, पासवर्ड बदलता येतात. घरगुती विंडोज ११ सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि राखीव किल्ली त्याच खात्यात जाते. ते खातं नवऱ्याचं असेल, तर बाईचा मजकूर कुणाच्या ताब्यात राहिला? १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीतून जमिनीवर बायकोचं नाव लावा म्हटलं. सातबाऱ्यावरच्या नावासाठी आपण भांडलो, घराच्या कागदावरच्या नावासाठी भांडतो आहोत. या खात्यालाही तोच न्याय हवा.

हे नुसतं तत्त्वाचं बोलणं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करू पाहणारी बाई त्याचा मसुदा घरच्या कॉम्प्युटरवर ठेवते, आणि तो आधी नवराच वाचतो. लिनक्स घेतल्याने हा धोका टळत नाही. कर्त्याच्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला तिथेही सगळं दिसतं. म्हणून ज्या घरात मारहाण किंवा पाळत आहे, तिथल्या बाईने असे कागद घरच्या यंत्रावर ठेवूच नयेत. समुपदेशन केंद्रातलं किंवा विश्वासू मैत्रिणीचं यंत्र वापरावं.

"आम्ही एमएस-सीआयटी विंडोजवर शिकलो, आता नवीन कुठून शिकू?" असं बायका विचारतात. अगं, फाईल उघडणं, जपून ठेवणं, बेरीज मांडणं सगळीकडे एकच. स्टोव्हवरून गॅसवर आलो तेव्हा स्वयंपाक नव्याने शिकलो नव्हतो. आणि हे बायकांचं काम नव्हे म्हणणाऱ्यांना सांगा, १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिआक या संगणकाच्या पहिल्या प्रोग्रामर सहा स्त्रिया होत्या.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करू या. गटाचा एक पेन ड्राइव्ह तयार ठेवू आणि प्रत्येकीने आपापल्या हाताने तो चालवून बघू. घरी गेल्यावर तीन गोष्टी विचारू: कर्त्याचं खातं कुणाच्या नावे, पासवर्ड कुणाला ठाऊक, आणि माझं स्वतंत्र खातं कुठे? उत्तरं मिळाली की विंडोज की लिनक्स हे ठरवणं फारसं अवघड राहणार नाही. ते आपणच ठरवू.