छंद : घरच्या घरी हाफ-ट्रॅक

पुढे ट्रकची चाके आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे, अशी होती दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेची एम-३ हाफ-ट्रॅक. तयार संच न घेता तिची प्रतिकृती बनवायची, तर आधी आकडेमोड करावी. नेहमीचे प्रमाण १:३५. खरी गाडी सुमारे ६.१७ मीटर लांब, २.२२ मीटर रुंद. म्हणजे प्रतिकृती १७.६ सेंटिमीटर लांब व ६.३ सेंटिमीटर रुंद भरेल.

गाडी बहुतांशी सपाट पत्र्यांची असल्याने नवशिक्यालाही जमते. बाजू अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून कापाव्यात. मागचे पट्टे मुळातच रबराचे. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या ९ मिलिमीटर रुंद पट्ट्या चालतात.

चूक होते ती जाडीत. बाजूचे खरे चिलखत जेमतेम ६ मिलिमीटरचे. ३५ ने भागले की जाड कागदाएवढेच उरते. शीटची अर्ध्या मिलिमीटरची कड खऱ्या गाडीवर साडेसतरा मिलिमीटर झाली असती! म्हणून दिसणाऱ्या कडा आतून पॉलिश पेपरने घासून पातळ कराव्यात.

घासता घासता एक गोष्ट हाताला कळते. एवढ्याशा पत्र्याआड, डोक्यावर छत नसताना, तेराजण बसत. जखमींना मिळणाऱ्या पदकावरून सैनिकांनीच गाडीला नाव ठेवले होते, ‘पर्पल हार्ट बॉक्स’.