आजीचं कार्ड काढलंत का?

‘‘मॅडम, कॅशलेस की सेल्फ पेमेंट?’’

रात्रीचे साडेअकरा. आजी स्ट्रेचरवर, आई तिचा हात धरून उभी, बाबा कुठल्याशा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतायत आणि बिलिंग काउंटरवर मी. आजी बाथरूममध्ये घसरली होती. एक्स-रे झाला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन करावं लागणार हे नक्की.

‘‘सत्तरीच्या पुढच्यांना ते पाच लाखांचं सरकारी कव्हर आहे ना... आयुष्मानचं?’’ मी विचारलं.

‘‘कार्ड आहे?’’

‘‘नाही, म्हणजे... काढायचंय अजून.’’

‘‘असतं तरी चाललं नसतं, मॅडम. आमचं हॉस्पिटल त्या योजनेत नाहीये. पन्नास हजार डिपॉझिट भरून घ्या, प्लीज.’’

मुलगी माझ्याच वयाची. बोलायलाही चांगली होती. तिची काहीच चूक नव्हती. मी कार्ड स्वाइप केलं. सरकारी नव्हे हो, क्रेडिट कार्ड!

आता खरी गंमत ऐका. २९ ऑक्टोबर २०२४ला ही सत्तरीची योजना सुरू झाली, तेव्हा तिची बातमी मीच लिहिली होती. प्रेस नोट समोर ठेवून, कॉफी पीत, वीस मिनिटांत. ‘उत्पन्नाची अट नाही’, ‘सर्वांसाठी खुली’ वगैरे वगैरे. बातमी पाठवली, मानधन आलं, विषय संपला. घरात ७८ वर्षांची आजी बसलीय, तिचं कार्ड काढावं, हे काही डोक्यात आलं नाही. आलं असेल तर ‘रविवारी बघू’ म्हणून गेलं. आणि असे रविवार किती येऊन गेले, विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टिमेट हातात पडलं. पावणेतीन लाख. बाबा खासगी कंपनीतून रिटायर झालेले. पीएफचे पैसे एफडीत आहेत, तेवढंच. मी फ्रीलान्सर, त्यामुळे ऑफिसची ग्रुप पॉलिसी वगैरे लाड नाहीत. ‘‘एफडी मोडू,’’ बाबा म्हणाले. मी म्हटलं, ‘‘बाबा, दोन तास द्या मला.’’

हेल्पलाइनला फोन लावला : १४५५५. मग महाराष्ट्राच्या योजनेचा १५५३८८. (हे दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. खरंच.) शोधत शोधत नदीपलीकडचं एका ट्रस्टचं हॉस्पिटल सापडलं. योजनेत आहे, आणि हाडांच्या ऑपरेशनसाठीही आहे. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं! हॉस्पिटल योजनेत असलं म्हणजे तिथे सगळंच होतं असं नाही. प्रत्येक स्पेशालिटीसाठी वेगळी मान्यता असते. कॅन्सरसाठी योजनेत असलेलं हॉस्पिटल हाडांसाठी नसूही शकतं.

पण बाबा अडून बसले. ‘‘सरकारी योजनेत? आपण काय दारिद्र्यरेषेखाली आहोत का? लोक काय म्हणतील?’’

मला वाटतं, तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या घरी हाच डायलॉग ऐकू येईल. चाळीस वर्षं नोकरी करून, टॅक्स भरून, कुणापुढे हात न पसरलेली ही पिढी. सरकारी योजना म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी घास, असंच त्यांच्या डोक्यात बसलंय. आयुष्मान भारत २०१८ साली सुरू झाली ती गरीब कुटुंबांसाठीच, हे खरं. पण सत्तरीच्या पुढच्यांसाठी २०२४मध्ये उत्पन्नाची अटच काढून टाकली. बंगला असो, पेन्शन असो, मुलगा अमेरिकेत असो, काहीही विचारत नाहीत. वय आधारकार्डावर ७० किंवा जास्त हवं. बस्स.

शेवटी आजीनंच निकाल लावला. ‘‘अरे, माझं हाड मोडलंय, तुझी अब्रू नाही. चला.’’

अँब्युलन्स केली. पहिल्या हॉस्पिटलचं एका रात्रीचं बिल ३८ हजार झालं होतं. ते आमच्याच खिशातून गेलं, कारण ही योजना पूर्णपणे कॅशलेस आहे. आधी भरा, मग बिलं लावून मागा, हा प्रकार इथे नाहीच. योजनेबाहेरच्या हॉस्पिटलात घातलेला पैसा म्हणजे गेलेला पैसा.

नव्या हॉस्पिटलात दारातच ‘आरोग्यमित्र’ असा बोर्ड लावलेलं एक छोटं टेबल. त्यामागे चष्मा लावलेला एक शांत मुलगा. त्यानं आधार मागितलं आणि पुढचा तासभर आमची परीक्षा झाली. ओटीपी गेला आजोबांच्या जुन्या नंबरवर. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, नंबर कधीच बंद. मग अंगठा. आजीनं जन्मभर भांडी घासली, पोळ्या लाटल्या. बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या, मशीन काही ओळखेना. चार वेळा लाल दिवा. मला रडू यायचंच बाकी होतं.

‘‘थांबा, चेहऱ्यानं होतंय का बघू,’’ तो म्हणाला आणि मोबाइल आजीसमोर धरला. ‘‘आजी, डोळे मिचकवा.’’

‘‘या वयात कुणाला रे डोळा मारू?’’ आजी म्हणाली. आणि मिचकावले. झालं! कार्ड तयार. मोडलेलं हाड घेऊन पडलेल्या बाईनं सगळ्यांना हसवलं.

कार्ड निघालं त्या क्षणापासून लागू. आजीला बीपी आहे, शुगर आहे, पण वेटिंग पीरियड नाही, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. ऑपरेशनची मंजुरी हॉस्पिटलनंच मागवली आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आमच्याकडून एक रुपया घेतला नाही.

हे सगळं वाचून ‘वा, मग आता टेन्शनच नाही’ असं वाटलं असेल, तर जरा थांबा. हे कार्ड म्हणजे जादूची कांडी नाही. त्यात काय बसतं आणि काय नाही, हे नीट कळलं तरच त्याचा उपयोग.

वर्षाला ५ लाख मिळतात ते कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. म्हणजे आजी-आजोबा दोघं असतील तर दोघांत ५ लाख. तुमचं कुटुंब आधीपासूनच आयुष्मान भारतच्या यादीत असेल, तर ज्येष्ठांना हे ५ लाख वेगळे, वरचे. खर्च फक्त अ‍ॅडमिट झाल्यावरचा. ओपीडीची फी नाही, महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या नाहीत. अ‍ॅडमिट होण्याआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस एवढंच आजूबाजूचं धरतात. आजीचं दोन महिन्यांचं फिजिओ, वॉकर, दिवसाच्या मावशींचा पगार... सगळं आमचं आम्ही. काही ठरावीक उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात. आणि तुमच्या गल्लीतलं चकाचक हॉस्पिटल योजनेत असेलच, याची काही गॅरंटी नाही. ते आम्ही ३८ हजार देऊन शिकलो!

मग प्रश्न येतो आईबाबांचा. बाबा ६३, आई ५८. सत्तरी लांब, आणि खासगी पॉलिसीचे हप्ते आत्ताच डोळे पांढरे करणारे. हा साठ ते सत्तरचा पट्टाच सगळ्यात अवघड. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाबा इथेच अडकलेले असणार.

महाराष्ट्रात यावर एक उत्तर आहे आणि ते आपल्या घरातल्या कपाटात, गॅसच्या पुस्तकाशेजारी पडलेलं असतं : रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती आणि कव्हर दीड लाखांचं. १ जुलै २०२४पासून ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली झाली आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाख झालं. इथे वयाची अट नाही. म्हणजे आईबाबाच कशाला, कार्डावर नाव असेल तर तुम्हीसुद्धा! आमचं पांढरं कार्ड बाबांनी कधीपासून ‘काय उपयोग’ म्हणून बाजूला टाकलेलं. परवा मीच शोधून काढलं आणि पुसून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं.

‘माझ्या ऑफिसच्या पॉलिसीत आईबाबा आहेत की,’ असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्या एका मित्राची गोष्ट. आयटीतला. चांगलं पॅकेज, आईवडील कव्हर्ड, सगळं सेट. एका शुक्रवारी एचआरनं मीटिंगला बोलावलं आणि लॅपटॉप जमा करायला सांगितला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी पॉलिसीही संपली. चार महिन्यांनी वडिलांची अँजिओप्लास्टी. नोकरी आपली असते, पण ग्रुप पॉलिसी कंपनीची असते, हे त्याला तेव्हा कळलं. नोकरी सुटतेय असं दिसलं तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत ‘मायग्रेट’ करून घ्यायची सोय असते आणि आधी भरलेला वेटिंग पीरियड धरला जातो. फक्त हे कव्हर संपायच्या आत करावं लागतं, नंतर नाही.

परवडत असेल तर आईबाबांची स्वतंत्र खासगी पॉलिसी असावीच. आता त्यात बरेच नियम आपल्या बाजूचे झालेत. १ एप्रिल २०२४पासून ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी नाही, ही भिंत गेली. आधीच्या आजारांचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त तीन वर्षं. जानेवारी २०२५पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य. जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल, तर ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. पॉलिसी नसेल तर त्यांच्या औषधपाण्याच्या खर्चावरही. फक्त पैसे रोख देऊ नका. खासगी पॉलिसी असली म्हणून सत्तरीचं कार्ड नाकारत नाहीत. दोन्ही ठेवता येतं.

घरात कुणी केंद्र सरकारी नोकरीतून किंवा सैन्यातून रिटायर असेल, तर मात्र घाई नको. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असलेल्यांना एकच निवडावं लागतं : ते तरी, नाहीतर हे. त्या योजनांमध्ये ओपीडी आणि रोजची औषधंही मिळतात, ती आयुष्मानमध्ये नाहीत. नुसतं ‘पाच लाख’ ऐकून उडी मारली तर तोटाच व्हायचा. ईएसआयसीवाल्यांना ही अट नाही, त्यांना दोन्ही चालतं.

तर येत्या रविवारी मल्टिप्लेक्सचा शो रात्रीचा घ्या. सकाळचे दोन तास घरच्यांना द्या :

१. आधार बघा. जन्मतारीख बरोबर आहे? आमची आजी सांगते, ‘पानशेत फुटलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते.’ १९६१ धरा, हिशोब बसतो. पण शेजारच्या आजोबांचं वय खरं ७१, आधारवर ६८. दुरुस्ती होईपर्यंत कार्ड नाही! जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पुरावा नीट जोडा.

२. आधारला चालू मोबाइल नंबर जोडा. आजोबांचा नाही, घरात वाजणारा.

३. सत्तरी पार केलेल्यांचं वय वंदना कार्ड ‘आयुष्मान’ अ‍ॅपवरून घरबसल्या काढा. आधार पुरतं.

४. रेशनकार्ड शोधा. सगळ्यांची नावं आहेत का बघा.

५. घराजवळची योजनेतली दोन हॉस्पिटलं शोधा. फोन करा, आरोग्यमित्राशी बोला. हृदय, हाडं, मेंदू... कशाकशासाठी मान्यता आहे ते विचारा. कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. रात्री साडेअकराला गुगल करायची वेळ येऊ नये.

आमच्या फ्रिजवर तो कागद आता आहे, लाल मॅग्नेटखाली. अक्षर बाबांचं. अब्रूबिब्रू बाजूला ठेवून त्यांनी सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघातही विषय काढला आणि पहिल्याच बैठकीत नऊ जणांची कार्डं काढून दिली. ओटीपी आला नाही की ऐटीत सांगतात, ‘‘घाबरू नका, डोळे मिचकवा.’’

आणि आजी? ती आता वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जाते. काल विचारत होती, त्या चष्मेवाल्या मुलाचं लग्न झालंय का म्हणून. माझ्यासाठी!

चला, हेल्पलाइन नंबर आहे या संकटासाठी? नसावा. पुढच्या आठवड्यात भेटू.